आडवी विहीर

आमच्या साइटवर जेवढी माती बाहेर निघायची, तेवढेच किस्से निघायचे. मातीचं बरं होतं, तिला न्यायला डंपर यायचा. किस्से मात्र तिथंच पडून राहायचे. चहाला चार जण जमले की कुणीतरी म्हणायचं, "त्या दिवशी काय झालं माहितीये का?" जे झालं ते सगळ्यांना माहीत असायचं, तरी सगळे पुन्हा ऐकायचे! काम संपून दोन पावसाळे झाले, पण साइटवरचं कुणी भाजी मंडईत जरी भेटलं तरी भाजी राहते बाजूला आणि तेच सुरू होतं.

आधी काम काय होतं ते सांगते. मी सुनंदा, सर्व्हे इंजिनिअर. सोलापुरात रेल्वेच्या भरावाला लागून, सखल भागात आमची गल्ली आहे. जोराचा पाऊस झाला की वरच्या भागाचं सगळं पाणी आमच्याकडे मुक्कामाला यायचं. नाला भरावाच्या पलीकडे. मधली जुनी मोरी एवढीशी, तिला आताचं पाणी पेलायचं नाही. बरं, भराव फोडायचा तर गाड्या थांबवायला हव्यात. भरावाला लागून वाहता रस्ता, तो फोडायचा तर अर्धं शहर अडकणार. म्हणून ठरलं, वर कुणाच्या बशीतला चहासुद्धा न हलवता खालून बोगदा काढायचा.

पलीकडे नाल्याच्या बाजूला मोठा खड्डा घ्यायचा, त्यात जॅक बसवायचे आणि माणूस वाकून चालेल एवढे सिमेंटचे पाईप एकामागून एक आत ढकलायचे. पाईपच्या तोंडाशी बसून माणसं माती-दगड फोडणार, मागून जॅक पाईप रेटणार, आणि शेवटी पहिला पाईप आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या खड्ड्यात तोंड काढणार. साइटवर याला नुसतं 'पुशिंग' म्हणतात. पाईप सरळ आणि नेमक्या उतारात येतोय ना, हे बघणं माझं काम.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते, म्हणजे माझी अवस्था कळेल. आमच्याकडे प्रत्येक दाराशी विटांची चळत असायची. ढग भरून आले की दुसरीकडे लोक वाळत घातलेले कपडे काढायला धावतात. आम्ही फ्रीज उचलायला धावायचो! फ्रीज विटांवर, कॉट विटांवर, कपाट विटांवर, गव्हाची कोठी विटांवर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघर दाखवायच्या आधी मला कॉटच्या कुठल्या पायाखाली कुठली वीट जाते ते दाखवलं होतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी एकदा शेजारी विचारलं, "तुमच्याकडे सगळंच एवढं उंचावर का हो?" मुलीचे वडील म्हणाले, "आमच्यात असंच असतं."

म्हणजे बोगदा चुकला असता तर कंपनीनं फार तर माझी बदली केली असती. पण गल्लीत मला कोण बदली देणार? मला राहायचं तिथंच होतं की!

*

खड्डा घ्यायला सुरुवात झाली आणि तिसऱ्या दिवशी गुंडप्पा काका आले. काका आमच्याच गल्लीत कोपऱ्यावर राहतात. कचेरीतून निवृत्त झालेले, हातात कायम कसली तरी फाईल. त्या दिवशी फाईलमधून त्यांनी एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद काढला आणि कंटेनरच्या आमच्या ऑफिसात टेबलावर पसरला.

"हे बग सुनंदा. किल्ल्यातनं निघालेलं भुयार हाय हे. माझ्या आज्यानं काढलेला नकाशा."

आपल्याकडे किल्ला असलेल्या प्रत्येक गावात एक भुयार असतं आणि ते कुणीच पाहिलेलं नसतं. मी नकाशा बघितला. त्यावर किल्ला होता, एक मारुती होता, एक चिंचेचं झाड होतं आणि त्यांना जोडणारी एक वाकडी रेघ होती.

मी म्हटलं, "काका, आम्ही जुनं भुयार शोधत नाही आहोत. आम्ही नवीन काढतोय."

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे, मग खड्ड्याकडे, मग त्या मोठाल्या जॅककडे बघितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

"अगं, मग जुनं हाय की! ते वापरा. नवीन कशाला खणत बसलाय?"

*

आमचे पुण्याचे साहेब फार हुशार माणूस. बोगद्यांतच आयुष्य गेलेलं. त्यांचा एकच दोष, समोर चार माणसं बसलेली दिसली की ते शिकवायला लागायचे. काम सुरू व्हायच्या आधी त्यांनी सगळ्या कामगारांना एकत्र बसवलं, भिंतीवर पडदा लावला आणि पुशिंग म्हणजे काय हे सांगायला सुरुवात केली. मातीचा दाब, घर्षण, जॅकचा जोर, जगातल्या कुठल्या कुठल्या शहरांनी रस्ते न फोडता गटारं, पाणी, केबल, रेल्वे सगळं जमिनीखाली कसं नेलं... तासभर चाललं. मे महिना, पत्र्याची शेड, पंखा एक आणि तोही साहेबांकडे वळवलेला!

शेवटी साहेबांनी घाम पुसला. "काही शंका?"

सगळ्यात मागे दत्तूमामा बसले होते. दत्तूमामा आमचे मुकादम. माढ्याकडचे, वडील-आजोबा सगळे विहिरी खणणारे. ते सावकाश उठले.

"शंका न्हाय सायेब. म्हंजे आडवी हीर की!"

आधी साहेबच हसायला लागले. महिनाभरानं वरच्या लोकांपुढं साहेबांचं प्रेझेंटेशन होतं. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आडवी विहीर'. तासाभराचं प्रेझेंटेशन त्या दिवशी दहा मिनिटांत मंजूर झालं म्हणे. दत्तूमामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग बाकीचा तास आमाला कशापायी बशिवलं हुतं?"

*

आमच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण दगडाची नव्हती. काम दिसत नाही, ही होती.

आपल्याकडे काम सुरू आहे म्हणजे रस्ता फुटलेला पाहिजे, मातीचे ढीग पाहिजेत, स्कूटर घसरलेली पाहिजे. आमच्याकडे वरून वाहनं चाललेली, गाड्या चाललेल्या, टपरीवर भजी तळली जातायत. लोक येता-जाता विचारायचे, "सुरू कवा करनार मॅडम?" तेव्हा आम्ही त्यांच्या पायाखाली निम्म्या वाटेत असायचो!

एकदा पाहणीला एक मोठे पाहुणे आले. कोण ते सांगत नाही. सोबत दोन गाड्या आणि एक फोटोग्राफर. रस्त्यावर उतरून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "काम कुठंय?"

साहेब म्हणाले, "आपण उभे आहात ना, त्याच्या बरोबर खाली."

पाहुण्यांनी पायाकडे बघितलं. डांबर होतं. "तसं नको. फोटोत काय येणार मग? काहीतरी खणलेलं दाखवा की!"

साहेबांनी त्यांना नाल्याच्या बाजूच्या खड्ड्यापाशी चला म्हणून सांगून बघितलं. तिकडे चिखल होता आणि पाहुण्यांचे बूट नवीन होते. शेवटी दत्तूमामांना सांगण्यात आलं, रस्त्याच्या कडेला एक छोटासा खड्डा घ्या. फोटोपुरता.

मामा म्हणाले, "सायेब, हितं नगा. हितनं नळाची लाईन गेलीया."

"अहो, दोन फूट फक्त!"

मामांनी दोन फूट घेतला. पाहुण्यांनी कुदळ हातात धरली, हसले, आणि फोटोग्राफरनं "जरा मारल्यासारखं करा" म्हटल्यावर खरंच मारली.

नळाला चार दिवसांनी एकदा पाणी यायचं आणि तो दिवस नेमका तोच! कारंजं असं उडालं की भज्यांची शेगडी विझली. आख्ख्या प्रकल्पात आम्ही रेल्वेचा भराव ओलांडला, रस्ता ओलांडला, जुनं गटार आणि केबली ओलांडल्या, कशाला साधा ओरखडा नाही. तक्रारवहीत एकच तक्रार आहे, त्या फोटोची.

*

आता नरसव्वा. त्यांच्याशिवाय हे किस्से पुढं जाणारच नाहीत.

नरसव्वा माझ्या घरासमोर राहतात. घरी तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी, आणि भांडण दोन्हीत! दिवसभर उंबऱ्यात बसून सुपात विड्या वळतात. आतल्या खोलीत त्यांच्या मुलाचे, अंबादासचे, टॉवेलचे चार माग. घर भरावापासून सगळ्यात जवळ, म्हणून साहेबांनी त्यांच्या भिंतीवर कंपन मोजायचं यंत्र बसवलं. हादरा ठरल्यापेक्षा जास्त झाला की ते पीं पीं करणार आणि आम्ही काम थांबवणार.

पहिल्याच दिवशी सकाळी पीं पीं. काम थांबवलं. साहेबांनी पाईपच्या तोंडाशी जाऊन सगळं तपासलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा पीं पीं! दुसऱ्या दिवशी काम सुरूच केलं नाही, तरी पीं पीं! साहेबांनी पुण्याहून यंत्रवाला बोलावला. तो दोन दिवस त्या भिंतीला कान लावून बसला. नरसव्वा त्याला चहा द्यायच्या आणि शेजारच्या बायकांना सांगायच्या, "भिंत आजारी हाय म्हने."

तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी यंत्र एकदम गप्प. साहेब खूश! मग माझ्या लक्षात आलं, आतून मागांचा तो रोजचा खडखडाट येत नव्हता. अंबादासच्या मागांची सुट्टी होती.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग हात जोडून म्हणाले, "आजी, रोज तासभर माग बंद ठेवाल का? आम्हाला खरं कंपन मोजू द्या."

नरसव्वांच्या हातातली विडी तशीच राहिली. "अय्यो! माग बंद केल्यावर भिंती पडतील की! इतकी वर्सं हालायची सवय हाय त्यास्नी."

तास मिळाला, पण नरसव्वांचा यंत्रावरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यांनी स्वतःची सोय केली. पितळी तांब्या काठोकाठ भरून यंत्राशेजारच्या कोनाड्यात ठेवला. पाणी सांडलं तर बोगदा वाईट, नाही सांडलं तर चांगला. रोज संध्याकाळी मी रीडिंग घ्यायला गेले की त्या आधी तांब्या दाखवायच्या. पुढं पुढं मीही वहीत यंत्राच्या आकड्याशेजारी लिहायला लागले, 'तांब्या – सांडला नाही.' साहेबांनी वही तपासताना ते वाचलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी त्यावर सही केली.

*

पाईप ठेवायला जागा होती ती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. तिथून एकेक पाईप हायड्रा, म्हणजे चाकावरची क्रेन, उचलून पलीकडे न्यायचा. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दुपारी पत्र्यावर भाकरी भाजून निघेल! आणि ते जाडजूड सिमेंटचे पाईप आतून गारेगार. आठ दिवसांत सगळ्या पाईपांत माणसं राहायला आली. एकात पत्त्यांचा डाव, एकात नरसव्वा आणि चार जणी सुपं घेऊन, एकात गुंडप्पा काका नकाशासकट. हायड्रावाला यायचा आणि आधी हाळी द्यायचा, "नवव्या नंबरातले, भाईर या!"

एका पाईपात रेणुका बसायची. रेणुका गल्लीतलीच, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. घर एका खोलीचं, त्यात सहा माणसं आणि टीव्ही. तिनं पाईपात सतरंजी टाकली आणि आतल्या बाजूनं खडूनं लिहायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या नद्या, घाट, जिल्हे, कलमं. खडू पुसला जातो म्हणून मग ऑइल पेंटनं लिहिलं.

हायड्रा तिच्या पाईपापाशी आला की दत्तूमामा हात आडवा घालायचे. "ह्यो ऱ्हाऊ दे. पोरीची परीक्षा हाय." असं करत करत तिचा पाईप सगळ्यात शेवटी गेला.

काम झाल्यावर दर्जा तपासायला बाहेरचे एक अधिकारी आले. नाल्याच्या बाजूनं वाकून आत शिरले, बॅटरी मारली आणि थबकले. पहिल्याच पाईपात डोक्यावर भीमेच्या उपनद्या, डावीकडे घाट, उजवीकडे ग्रामपंचायतीची कलमं!

"हे काय आहे?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी दत्तूमामांकडे. मामा अगदी शांतपणे म्हणाले, "सायेब, बाकीचं पाईप तसंच हायती. ह्यो तेवडा शिकल्याला हाय."

*

हसू सोडा, आता माझ्यावर आलेली वेळ सांगते.

भरावाच्या खाली पोचलो आणि पाईप डावीकडे ओढायला लागला. मातीच्या तपासणी अहवालात सगळा मुरूम लिहिला होता. दत्तूमामांनी पहारीनं ठोकून, कान देऊन आधीच सांगितलं होतं, "उजव्या अंगाला काळा पत्थर हाय, म्याडम. पाईप त्येला बगून लाजनार." आणि तसंच झालं. पाईप दगडाला टेकला की मऊ बाजूला सरकायचा. दर वेळी मी आत जाऊन माप घ्यायची, मामा उजवीकडचा दगड छिन्नीनं फोडायचे, मग जॅक एक वीतभर रेटायचा, की पुन्हा माप. धुळीनं लेझरचा ठिपका दिसेनासा झाला तेव्हा ओळंबा आणि दोरी घेऊन बसले. पाठीचा कणा वाकून वाकून मोडायचा राहिला होता.

बाहेर आलं की गल्ली वाट बघत असायची. "आलं का सरळ?" मी ठामपणे म्हणायची, "आलं!" आणि घरी जाऊन पोळपाट-लाटणं नवऱ्याच्या हातात द्यायची. माझे यजमान श्रीधर, शाळेत क्लार्क आहेत. त्या महिन्यात ते फार चांगल्या पोळ्या लाटायला शिकले.

शेवटी पाईप गल्लीतल्या खड्ड्याच्या जवळ आला. त्या खड्ड्याच्या भिंतीला आम्ही सिमेंटचा गिलावा केला होता. मी दहा वेळा मोजून त्यावर पाईपाएवढं लाल वर्तुळ काढलं. 'उद्या दुपारी पाईप इथून बाहेर येणार' असं सगळ्यांना सांगितलं आणि साहेबांना आणायला स्टेशनवर गेले.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती ही गर्दी! साहेब, पाहुणे, तोच फोटोग्राफर, आख्खी गल्ली. खाली बघते तर भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र, लाल वर्तुळ, त्याच्या आत रांगोळीसारखं कमळ, वर आंब्याच्या पानांचं तोरण. बायकांनी हौसेनं केलेलं बघून मला भरून आलं.

आतून छिन्नीचे ठोके ऐकू यायला लागले. भिंत थरथरली. चुना पडला. आणि कमळाच्या फूटभर खाली, तोरणापासून लांब, दत्तूमामांची पहार भिंतीतून बाहेर आली!

फूटभर खाली! आडवं सरकलं तर एकवेळ सावरता येतं, उताराचं गणित फुटानं चुकलं म्हणजे संपलंच. पाणी जाणार कसं? साहेबांनी माझ्याकडे बघितलंच नाही, ते जास्त वाईट होतं. वरून कुणीतरी म्हणालं, "चुकलं वाटतं." गल्लीतल्या प्रत्येक घरातला फ्रीज मला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

भोक मोठं झालं आणि मामा धुळीनं पांढरे होऊन बाहेर आले. त्यांनी वर्तुळाकडे बघितलं, पाईपाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी मी ठोकलेल्या मापाच्या खुंटीपासून टेप लावला. एकदा लावला. दुसऱ्यांदा लावला.

"सायेब," मामा ओरडले, "पाईप बराबर हाय! गोल चुकलाय!"

"गोल कसा चुकेल? मी स्वतः..."

गर्दीतून नरसव्वा पुढं आल्या. तोंडावर पदर. "ते... चुना मारताना तुझा गोल पुसला. पन माप घेटलं हुतं बरं का आमी, लुगड्याच्या काठानं! तेवडाच गोल काढला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन तुझा लई खाली हुता. फोटोत येत न्हवता. म्हून वर घेटला."

मी तिथंच मातीच्या ढिगावर बसले आणि रडले की हसले ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

पाईप जुळला, त्याच्या तोंडावर जाळी बसली, गल्लीतली गटारं त्याला जोडली. पण गल्ली काही विटा काढेना!

मी घरोघरी फिरले. "काढा आता विटा. पाणी येणार नाही. मी सांगतेय ना!" लोक हो हो म्हणायचे, चहा द्यायचे. मी बसायची कॉटवर आणि माझे पाय अधांतरी लोंबकळायचे.

नरसव्वांकडे तर अंबादासच्या सुताची बाचकी मागांच्या खोलीत विटांवर फळ्या टाकून रचलेली. हात पुरत नाही म्हणून त्या स्टुलावर चढून सूत काढायच्या. एकदा पडल्याही. मी म्हटलं, "नरसव्वा, खाली घ्या ते आता. माझं ऐका."

त्या विडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या, "तू काडलीस का विटा?"

"काढल्या की!"

"कवा?"

"परवाच."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आत हाक मारली, "अंबादास! सूत खाली घे." अंबादास म्हणाला, "अम्मा, भिजलं तर समदं जाईल." त्या म्हणाल्या, "सुनंदानं काडल्यात." त्यांच्या या एका वाक्यावर आठवडाभरात गल्लीतल्या विटा निघाल्या. मला कसंतरीच व्हायला लागलं होतं, पण बोगदा बरोबर होता. मापं मीच घेतली होती.

आणि सप्टेंबरात एका दुपारी आभाळ काळंभोर झालं. परतीचा पाऊस, आणि असा की समोरचं घर दिसेना! मी साइटवरचे बूट घालून जाळीपाशी धावले. वरच्या भागाचं पाणी गढूळ होऊन लोंढ्यानं आलं. आधी जाळीवर कचरा अडकला, पाणी तुंबलं, गल्लीत घोट्याएवढं चढलं. अंबादास दारात सुताची दोन बाचकी छातीशी धरून उभा होता. नरसव्वा उंबऱ्यात, काठोकाठ भरलेला तांब्या शेजारी ठेवून, माझ्याकडे बघत होत्या. दत्तूमामा कुठूनतरी पळत आले, लुंगी खोचून पाण्यात उतरले आणि आम्ही दोघांनी फावड्यानं कचरा ओढला.

घळाघळा असा आवाज झाला आणि पाणी आत ओढलं गेलं. दोन तास पाऊस कोसळत होता आणि दोन तास ते जातच राहिलं, भरावाखालून, रस्त्याखालून, रेणुकाच्या नद्यांखालून, नाल्यात! वर गाड्या वेळेवर चालल्या होत्या. कुणाच्याही उंबऱ्याला पाणी शिवलं नाही.

पाऊस थांबल्यावर नरसव्वांनी तांब्या उचलला, जाळीपाशी येऊन हळदकुंकू वाहिलं आणि जाहीर केलं, "चला, इंजिनेरबाईच्या घरी. तोंड गोड करू." आख्खी गल्ली निघाली. पुढं नरसव्वा, कडेवर तो भरलेला तांब्या, मागे गुंडप्पा काका, रेणुका, अंबादास, दत्तूमामा, दहा-बारा बायका. मी म्हणत होते, "अहो, कशाला, उद्या करू की, घर आवरलेलं नाही..." पण माझं ऐकतंय कोण! श्रीधरनी दार उघडलं, एवढी माणसं बघितली आणि ते घाईघाईनं स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले. नरसव्वांनी त्यांना हातानं बाजूला केलं.

आत फ्रीज होता. चार विटांवर.

अंबादासनं आपल्या आईकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते.

नरसव्वा पुढं गेल्या. वाकून त्यांनी चारी विटांवरून हात फिरवला. मग उठल्या, तो काठोकाठ भरलेला तांब्या फ्रीजवर ठेवला, हात बाजूला घेतला आणि पाणी स्थिर होईपर्यंत बघत राहिल्या. थेंबभरसुद्धा सांडलं नाही.

"लेवल मातर एकदम बराबर हाय हां, इंजिनेरबाई!"